ग रे ग सा

२२ डिसेंबर, रात्र

आज दिवसभर पियानोवादक जॉर्ज विन्स्टनचा 'डिसेंबर' हा अल्बम लावून ठेवला होता. विंडहॅम हिल कंपनीनं १९८२ मध्ये काढलेला. नुसता पियानो, गाणारं कुणी नाही, मागे व्हायोलिनं नाहीत. दुकानांनी 'न्यू एज'च्या, म्हणजे शांत, ध्यानाबिनाला लावतात तसल्या संगीताच्या खणात टाकला आणि अमेरिकेत तीस लाख प्रतींपर्यंत पोचला. विन्स्टन स्वतः मात्र आपल्या वाजवण्याला 'फोक पियानो' म्हणायचा. मला तेच पटतं.

त्यातलं 'कॅरल ऑफ द बेल्स', म्हणजे घंटांचं नाताळगीत, ऐकता ऐकता न राहवून पेटी काढली. सगळा डोलारा चार स्वरांवर: कोमल ग, रे, कोमल ग, सा. तीन मात्रांत बसतात आणि फिरत राहतात. पेटीवर मात्र हे लगेच भजनाकडे झुकायला लागतं, कारण भाता चालू आहे तोवर स्वर तुटत नाही. पियानोवर स्वर उमटल्याक्षणी विरायला लागतो, म्हणून तिथे तेच चार स्वर अंगावर काटा आणतात.

गंमत म्हणजे ही मुळात नाताळची चीजच नाही. युक्रेनच्या मिकोला लिओन्तोविचनं लोकधुनेवरून बांधलेलं 'श्चेद्रिक', कीवमध्ये १९१६ साली पहिल्यांदा गायलं गेलं. त्यात एक पाकोळी येऊन घरधन्याला सांगते, बाहेर ये, कोकरं झालीत बघ. नव्या वर्षाच्या शुभेच्छा, बाकी काही नाही. (लिओन्तोविचला १९२१ मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या माणसानं गोळी घातली.) गाण्यात घंटा आल्या १९३६ मध्ये, पीटर विल्हाउस्कीच्या इंग्रजी शब्दांबरोबर. विन्स्टननं शब्दच काढून टाकले, पाकोळी नाही, घंटाही नाहीत, तरी धून ताठ उभी. या सगळ्या 'न्यू एज' प्रकाराला 'लिफ्टमधलं संगीत' म्हणणाऱ्या आमच्या बंधुराजांशी म्हणूनच माझं जुळत नाही.

या प्रकारातल्या बऱ्याच धुना कोसळतात, हेही खरंच. सिंथेसायझरचा पाक, वर समुद्राच्या लाटा, त्यात घुंगरं. अर्ध्या तासात डोकं जड होतं. त्यापेक्षा मॅनहाइम स्टीमरोलर या अमेरिकन बँडचा १९८४ चा नाताळचा अल्बम परवडला. त्यांचा म्होरक्या चिप डेव्हिस मूळचा जाहिरातींच्या जिंगल करणारा, त्यामुळे ड्रम घालताना लाजत नाही. पण शेवटी 'स्टिले नाख्ट' ('सायलेंट नाइट') असं काही संथ घेतो की आधीचा धांगडधिंगा माफ.

बंधुराजांना तो धांगडधिंगाच आवडतो. रविवारी येताहेत. आधी विन्स्टन ऐकवीन, मगच पान वाढीन.