पाटीक हात लाव गो!

इंग्लंडात, साउदॅम्प्टनमध्ये आमच्या गल्लीत अजून दूधवाला येतो म्हटलं की वेंगुर्ल्यातल्या आमच्या घरच्या मंडळींना नवल वाटतं. पहाटे अंधारात बॅटरीवरची गाडी येते, दारात काचेच्या बाटल्या ठेवते आणि रिकाम्या घेऊन जाते. रुपेरी झाकण म्हणजे सायीसकट दूध. दुकानापेक्षा महाग पडतं, तरी शेजारच्या आजी सोडत नाहीत. रिकाम्या बाटलीत 'उद्या एक जास्त' अशी चिठ्ठी खोचून ठेवतात. शेजारच्याच स्वेदलिंगमध्ये १९२१ साली ब्लू टिट नावाची चिमुकली पाखरं बाटल्यांची झाकणं फोडून साय खाताना पहिल्यांदा नोंदली गेली. पुढे ही विद्या देशभरच्या पाखरांत पसरली म्हणे. आमच्याकडे हा मान कावळ्यांचा आणि मांजरांचा.

सोय उत्तम आहे, तक्रार नाही. पण त्या दूधवाल्याचं तोंड मी अजून पाहिलेलं नाही.

वेंगुर्ल्यात आमच्या म्हावरंवालीला, म्हणजे डोक्यावरच्या पाटीतून दारोदार मासळी विकणाऱ्या बाईला, तोंड न दाखवता जाणं शक्यच नव्हतं. दहाच्या सुमाराला गडग्यापलीकडून, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीपलीकडून, हाक यायची, "बांगडे व्हये काय गो?" मग ती खळ्यात, घरापुढच्या अंगणात, येऊन उभी राहायची आणि दुसरी हाक, "पाटीक हात लाव गो!" भरलेली पाटी, म्हणजे मासळीची टोपली, एकट्या बाईला उतरवता येत नाही. घरातलं जे कुणी मोकळं असेल त्यानं पुढे व्हायचं. चुंबळ सरकायची, पाटी कलायची आणि मासळीचं पाणी थेट आपल्या कोपरापर्यंत ओघळायचं. अंगात शाळेचा सदरा असला तर दिवसभर वर्गात कुणी शेजारी बसायचं नाही.

मग घासाघीस. आई कल्ला उचलून बघणार, लाल नसला तर बांगडा परत. वाटा ठरला तरी "वर एक घाल गो" आहेच. आमच्याकडे भवानी झाली तर ती नोट कपाळाला लावायची. तेवढ्यात पाणी पिऊन व्हायचं, आणि कुठल्या रापणीला (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला) काय लागलं, कुणाची सोयरीक फिसकटली, हेही कळायचं. पैसे नसले तर चतुर्थीला, मुंबईची माणसं आल्यावर. पावसाळ्यात यांत्रिक होड्या बंद, तेव्हा पाटीत सुके बांगडे आणि सुकट.

हे सगळं गोड वाटतं ते ओटीवर बसणाऱ्यांना. ती उभ्या उन्हात गावं पालथी घालून यायची आणि बसायची मात्र पायरीवर. तिला विचारलं तर आठवणींचा सूर वेगळा लागेल.

पाववाला सायकलचा भोंगा वाजवत सूर्य उगवायच्या आत यायचा. इथं आईस्क्रीमच्या गाडीनंसुद्धा दुपारी १२ ते संध्याकाळी ७ याच वेळेत गाणं वाजवायचं असा नियम आहे. आमचा पाववाला पहिल्याच दिवशी आत गेला असता.

कल्हईवाला पावसाआधी यायचा. आमच्या आमटीला सोलं (आमसुलं) लागतात, आणि पितळेच्या टोपाची कल्हई गेली की आंबट हमखास कळकतं. म्हणून त्याची वाट बघणं भागच होतं. तो आवाटात, म्हणजे वाडीत, खड्डा खणून भाता लावायचा, टोप निखाऱ्यावर तापवायचा, नवसागराची चिमूट टाकायचा. भसकन पांढरा धूर, नाकात झिणझिण्या. कथलाची कांडी टेकवून कापसाचा बोळा गरकन फिरवला की काळा टोप आतून लखलखीत. आम्ही पोरं धुरातच उभी. स्टीलची भांडी आली आणि त्याचं येणं थांबलं. त्यात स्टीलचा दोष नाही, आईनंच ती हौसेनं घेतली.

म्हावरंवालीची सून आता सकाळी व्हॉट्सॲपवर मासळीचा फोटो टाकते आणि स्कूटरवरून येते. पाटीला हात लावायला कुणी लागत नाही. आई फोटो बघते, मोठा करून बघते आणि तिला आवाजी निरोप धाडते, "फोटोत कल्ले दिसत नाय गो. घेऊन ये, मगे बघतंय."