जिप्सीचा मागचा लॉकर ठरला, काम कुठवर आलंय

मंडळी, एकदाचं ठरलं. मागच्या डिफमध्ये (डिफरन्शियल, म्हणजे वळताना ॲक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गियरचा संच) एअर लॉकर, म्हणजे बटण दाबलं की हवेच्या दाबाने दोन्ही चाकं एकत्र बांधणारा लॉक. पुढचा डिफ सध्या ओपनच, म्हणजे लॉकशिवाय ठेवतोय. का ते जरा सविस्तर लिहितो, कारण याच टप्प्यावर अडकलेले अजून बरेच जण आहेत आणि दुकानात गेलं की ज्याच्याकडे जो माल पडलाय तोच तो आपल्याला सुचवतो.

गाडी तुम्हाला माहितीये, मारुतीची एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाली) जिप्सी किंग. १.३ लिटर इंजिन, ८० पीएस, टॉर्क १०३ न्यूटन-मीटर, लो रेंज (फोर-व्हीलचा संथ, जास्त ताकदीचा गियर) २.२६८, पुढेमागे दोन्हीकडे सॉलिड ॲक्सल आणि खाली लीफ स्प्रिंग. पाटे कडक असल्याने आडव्यातिडव्या चरात गाडी घातली की एक पुढचं आणि समोरच्या कोपऱ्यातलं एक मागचं चाक हलकं होतं, कधी सरळ हवेत लटकतं, मग ती दोन चाकं गरागरा फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. आपण सगळे म्हणतो की ओपन डिफ सगळी ताकद फिरणाऱ्या चाकाला देतो, पण आत नीट बघितलं तर तसं नाहीये. तो दोन्ही चाकांना कायम सारखाच टॉर्क देतो. लटकलेल्या चाकाला फिरायला काहीच टॉर्क लागत नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच म्हणजे जवळपास शून्य मिळतो. हे एकदा डोक्यात बसलं की कुठला पर्याय नक्की काय करतो ते आपोआप कळायला लागतं.

म्हणजे बघा, एलएसडी, लिमिटेड स्लिप डिफ, जो एका चाकाचं नुसतंच फिरणं काही प्रमाणात रोखतो. प्लेटवाला असेल तर प्लेटांच्या घर्षणाएवढाच टॉर्क पलीकडे जातो, आणि टॉर्सनसारखा गियरवाला असेल तर तो कमी पकड असलेल्या चाकाच्या टॉर्कची काही पट पलीकडे देतो, पण हवेतल्या चाकाचा टॉर्कच शून्य, मग शून्याची कितीही पट केली तरी शून्यच. डाव्या पायाने ब्रेक हलका दाबून त्या चाकावर थोडा भार आणता येतो, चालतंही, पण क्लच, ॲक्सिलरेटर आणि ब्रेक तिन्ही एकदम सांभाळत दगडावर चढणं हे माझ्या मते रोजचं काम नव्हे. जिम्नीत जे येतं ते ब्रेकवर चालणारं, म्हणजे फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक कॉम्प्युटर दाबतो. काम करतं, पण चाक आधी फिरावं लागतं. आणि जिप्सीत तो प्रश्नच नाही, तिच्यात ती इलेक्ट्रॉनिक्सच नाहीत.

थारवाल्यांचा एमएलडी (मेकॅनिकल लॉकिंग डिफ) पण बघून आलो. २०१५ च्या फेसलिफ्टपासून थारला मागे ईटनचा मेकॅनिकल लॉकर आला, तो दोन चाकांच्या वेगात साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की स्वतःच लॉक होतो आणि ताशी साधारण ३० किमीच्या वर गेलात की लॉक होत नाही. चांगली चीज आहे, ड्रायव्हरला काहीच करावं लागत नाही. फक्त तो लागावा म्हणून चाक आधी जरा फिरवावं लागतं, आणि ओल्या कातळावर संथ चढताना चाक फिरवलं की टायरने धरलेली पकडच सुटते, वर लॉक होताना धक्का बसतो तो वेगळा. मला दगडाच्या आधीच लॉक करून मग चढायचंय. गुरखाला कंपनीतूनच पुढेमागे दोन्ही लॉकर येतात आणि ते ड्रायव्हर स्वतः लावतो, त्या गाडीत बसून एका चढावर गेलो आणि माझं मत तिथेच पक्कं झालं की लॉकर हवा तर आपल्या हातातला.

आता जिप्सीसाठी खरी स्पर्धा होती ती लंचबॉक्स लॉकर आणि एअर लॉकरमध्ये. जिप्सी म्हणजे परदेशातल्या सामुराईची सख्खी बहीण, त्यामुळे दोन्ही प्रकार मिळतात. लंचबॉक्स म्हणजे मूळ कॅरिअर (डिफचे गियर धरणारा डबा) तोच ठेवायचा आणि फक्त आतले स्पायडर गियर काढून त्यांच्या जागी दातेरी कप्लर बसवायचे. क्राउन-पिनियनला (इंजिनाची ताकद ॲक्सलकडे वळवणाऱ्या दातेरी जोडीला) हात लावायचा नाही, स्वस्त, हवा-वायर काही नाही. ॲक्सिलरेटर दिला की लॉक, वळताना बाहेरचं चाक पुढे पळालं की कटकट आवाज करत सुटतो. ग्रुपमधले दोन-तीन जण ठाम होते की मागे हाच टाक. मी नाही म्हटलं आणि कारण पैशाचं नव्हतं. आपल्या गाडीचा व्हीलबेस २३७५ मिमी, मागचा भाग हलका, आणि मी हीच गाडी पावसात ताम्हिणी-वरंध घाटातून चालवतो. ओल्या वळणात मधेच ॲक्सिलरेटर सोडला किंवा दिला की ऑटोमॅटिक लॉकर लागतो-सुटतो आणि मागची बाजू आपली रेषा बदलते. घरची माणसं मागे बसलेली असताना मला ते नको.

दुसरं कारण मावळ-मुळशीच्या पावसाळी वाटांचं. भातखाचरांच्या कडेने जाणाऱ्या वाटा एका बाजूला उतरत्या असतात. तिथे ओपन डिफचं एक चाक फिरलं तरी दुसरं शांत असतं आणि तेच गाडीला बाजूला घसरण्यापासून धरून ठेवतं. लॉक असलं की दोन्ही फिरतात, बाजूची पकड जाते आणि गाडीचं बूड हळूहळू उताराकडे सरकायला लागतं. म्हणजे तिथे लॉकर बंदच हवा आणि चार फुटांवर दगडी पायरी आली की चालू हवा. हे बटणाशिवाय जमत नाही.

(गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात आरएफसी (रेनफॉरेस्ट चॅलेंज, ऑफरोड गाड्यांची स्पर्धा) होते, तिथल्या लाल चिखलातल्या स्पर्धेच्या गाड्या बघून पुढेमागे दोन्ही लॉक करायचा मोह होतो. पण त्या गाड्यांना विंच असते, सोबत रिकव्हरीची माणसं असतात आणि त्यांना सोमवारी ऑफिसला जायचं नसतं.)

काम कुठवर आलंय ते सांगतो. जिप्सीचा डिफ समोरून अख्खा बाहेर निघतो हे मोठं सुख आहे, दोन्ही हाफ शाफ्ट (डिफपासून चाकापर्यंतचे दांडे) ओढले, प्रोपेलर शाफ्ट सोडला की टेबलावर ठेवून निवांत काम. क्राउन जुन्या कॅरिअरवरून काढून लॉकरवर चढवला, बोल्टला थ्रेडलॉकर लावून टॉर्क रेंचने आवळले. साइड बेअरिंग नवीनच घेतली, इथे कंजूषी करू नका. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजने मोजला, दातांना रंग लावून पॅटर्न बघितला, दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर एकीकडे सैल आणि तेवढंच दुसरीकडे घट्ट असं करत पॅटर्न दाताच्या मधोमध आणला. यात मेकॅनिककाकांचा अर्धा दिवस गेला, पण त्यांनी घाई केली नाही म्हणूनच आता ओरडणारा डिफ घेऊन फिरावं लागत नाहीये. ज्याच्याकडे डायल गेज नाही आणि जो हाताने हलवून ‘बरोबर आहे’ म्हणतो, त्याच्याकडे हे काम देऊ नका.

हवेच्या पाइपसाठी डिफच्या केसिंगला भोक पाडून आटे पाडावे लागतात, ते सगळं मोकळं असतानाच केलं म्हणजे लोखंडाचा चुरा आत राहत नाही. कॉम्प्रेसर बॉनेटखाली उंचावर, दाब ८५ ते १०५ पीएसआयमध्ये राहतो. नळी ॲक्सलपर्यंत नेताना सायलेन्सरपासून लांब आणि ॲक्सल पूर्ण खाली लटकला तरी ताण येणार नाही इतकी ढील दिली. डिफचा ब्रीदर (हवा आतबाहेर जायची वाट) त्याच वेळी वर नेला, ओढ्यात गरम डिफ गार पाण्यात गेला की तो पाणी आत ओढतो, त्यामुळे हे लॉकर असो नसो सगळ्यांनीच करावं. तेल ८०डब्ल्यू-९० जीएल-५, थोडं चालवून एकदा बदललं.

पहिली टेस्ट ओळखीच्या माणसाच्या मुरमाच्या खाणीत घेतली, मालकाला विचारून. ज्या तिरक्या चरात आधी पळत येऊन उडी मारल्यासारखं जावं लागायचं तिथून लो फर्स्टमध्ये, जवळपास आयडलवर, गाडी चालत गेली. माती उडाली नाही, आवाज नाही, चर आणखी खोल झाला नाही. मला सगळ्यात जास्त आनंद याचाच झाला. लॉक असताना स्टिअरिंग वळवलं तरी गाडी सरळ ढकलली जाते, त्यामुळे वळणाच्या आधी बटण बंद करायची सवय हाताला लावतोय. आणि लॉक असताना एकाच चाकाला पकड असेल तर त्या ॲक्सलचा सगळा टॉर्क एकट्या हाफ शाफ्टवर येतो हे लक्षात ठेवून ॲक्सिलरेटर हलकाच ठेवतोय.

पुढच्या डिफचं मात्र खरंच विचारात आहे. तिथे लंचबॉक्स मला पटतो, कारण जिप्सीचे फ्री व्हील हब (पुढची चाकं शाफ्टपासून वेगळी करणारे) सोडले की रस्त्यावर पुढचा डिफ फिरतच नाही, मग घाटातली भानगडच उरत नाही. भीती आहे ती पुढच्या सीव्ही जॉइंटची (चाक वळलेलं असतानाही ताकद पोचवणाऱ्या सांध्यांची), पूर्ण स्टिअरिंग कापलेलं असताना लॉक चाकावर जोर आला की तेच आधी जातात. आपल्यापैकी ज्यांनी पुढे लंचबॉक्स टाकून एक पावसाळा काढलाय त्यांनी टायरचा साइज आणि जॉइंट टिकले का ते जरूर लिहा, मी तोवर पुढची चाकं वळतात तिथले नकल सील आणि किंगपिन बेअरिंग उघडून बघतो.