शेंग्याचं माप

ठाण्यात थंडी पडली हे आम्हाला आईच्या कानांवरून कळतं. डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी ती कानटोपी घालून चहा गाळताना दिसते, आणि मग दिवसभर घरातल्या प्रत्येकाला ‘अंगात काहीतरी घाल’ म्हणून सांगत फिरते. यंदा त्या प्रत्येकात शेंग्याही आला.

शेंग्या म्हणजे आमचा डॅशहाउंड. रंग भाजलेल्या शेंगेचा, आकारही तोच, त्यामुळे बारशाला फार डोकं चालवावं लागलं नाही. जर्मन लोकांनी ही जात बॅजर नावाच्या प्राण्याच्या बिळात शिरायला तयार केली म्हणे. आमचा बहाद्दर आजवर फक्त सोफ्याखाली शिरलाय, तोही दिवाळीत, लवंगी माळेला घाबरून. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, पण याला पसरायला पायच नाहीत. पोट जमिनीपासून चार बोटं वर. सकाळच्या गार लादीची सगळी खबर त्या पोटाला आधी लागते, असं आईचं म्हणणं.

आता खरं सांगायचं तर आपल्याकडची थंडी ती काय? पहाटे पारा सतरा-अठरावर आला की आपण एकमेकांना ‘मस्त गारवा पडलाय ना’ असे मेसेज करतो. पंधराच्या खाली गेला की पेपरात पहिल्या पानावर बातमी. आम्ही उपवनजवळ राहतो, मागे येऊरचा डोंगर, त्यामुळे पहाट जरा बोचरी वाटते एवढंच. पण आईशी थंडीवर वाद घालायची सोय नाही. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, आणि ती तेव्हा आठ वर्षांची, नौपाड्यातल्या चाळीत. ‘बंबाजवळून कुणी हलायला तयार नव्हतं,’ हे वाक्य आमच्याकडे दर जानेवारीत एकदा होतंच.

तर शेंग्याला स्वेटर घ्यायचा ठरलं. मी मोबाइलवर शोधून एक मागवला. लाल, टोपीवाला, टोपीला सशाचे कान. फोटोतला कुत्रा हसत होता. आमचा घातल्या क्षणी पुतळा झाला. पाय रोवून, मान वाकडी करून, नजर भिंतीवर. बिस्किट दाखवलं तरी हलेना. पाच मिनिटांनी तो तसाच, न वाकता, आडवा पडला. कपडे अंगावर आले की बरीच कुत्री अशी गोठतात, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मात्र अर्धांगवायू झाला की काय, असं वाटून माझेच हातपाय गार पडले.

चूक मापाची होती. मी त्याच्या वजनावरून ‘एम’ निवडला होता. कुत्र्याचं माप तीन ठिकाणी घ्यायचं असतं: पाठ, म्हणजे पट्टा बसतो तिथपासून शेपटीच्या मुळापर्यंत; छाती, पुढच्या पायांच्या लगेच मागे, जिथे ती सगळ्यात रुंद तिथे; आणि गळा. यातली छाती सगळ्यात महत्त्वाची, आणि त्यावर दोन बोटं आरामात शिरतील एवढी सैल जागा ठेवायची. आईने शिवणाच्या डब्यातली टेप काढली. शेंग्या उभा राहीना, टेप चावायला लागला, मग मी त्याला भाकरीचा तुकडा दाखवत धरला आणि आईने आकडे सांगितले. पाठ सतरा इंच, छाती वीस, गळा तेरा. तयार कपड्यांच्या तक्त्यात छाती वीस शोधली की पाठ चौदाची, आणि पाठ सतराची घेतली की छातीत दुसरा शेंग्या मावेल. देवाने ह्याला घडवताना हा तक्ता पाहिलेला नव्हता.

त्या लाल स्वेटरच्या बाकीच्या खोड्या दोन दिवसांत कळल्या. पोटाखालचा भाग इतका मागे गेलेला की पहिल्याच खांबापाशी तो भिजला. नर कुत्र्याच्या स्वेटरचं पोट तोकडंच हवं, हे आपल्याला कपडे धुताना समजतं. चिकटपट्टीत त्याच्या पोटाचे केस अडकायचे, आणि ती ओढून काढताना जो चर्रर्र आवाज व्हायचा त्याने शेंग्या पुन्हा सोफ्याखाली. सशाच्या कानांना शोभेची बटणं होती, त्यातलं एक सापडलं नाही. ते पोटात गेलं की काय या धास्तीने आम्ही दोन दिवस काय काय तपासलं, ते इथे लिहीत नाही.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी ताप पाहिला. १०१.५. मी कपाळाला हात लावला, तर ते म्हणाले, ‘अहो, कुत्र्याचा नॉर्मलच १०१ ते १०२.५ असतो. तुमच्यापेक्षा गरम आहे तो.’ मग विचारलं, ‘कुडकुडतो का? शेपटी पोटात घालून अंगाची वळकटी करून बसतो का? कान गार लागतात?’ पहाटे थोडं थोडं, असं आई म्हणाली. मग पहाटेपुरतं घाला, ते म्हणाले. आखूड केसांचा आहे, वयही झालंय, हरकत नाही. पण धापा टाकायला लागला की ताबडतोब काढा, कारण माणसासारखा घाम काढून त्याला अंग गार करता येत नाही. आणि रोज काढून अंगावरून हात फिरवा, गोचीड असली तर खाली लपते.

तिथेच बाकावर आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी तिच्या बाबांबरोबर गिनीपिग घेऊन बसली होती. तिने बाबांच्या मोज्याला चार भोकं पाडून स्वेटर केला होता. डॉक्टरांनी तो हळूच काढला. ‘बाळा, हा ते कुरतडेल आणि धागे पोटात जातील. याला कपडे नकोत. पिंजरा लादीवरून उचलून ठेव, खिडकीच्या वाऱ्यातून हलव, सुकं गवत जास्त घाल.’ ती हिरमुसली. तिच्या बाबांना आपला एक मोजा असा का, याचं उत्तर मात्र मिळालं असावं.

घरी येऊन आईने जाहीर केलं, ‘मीच विणते.’ माळ्यावरून सुया निघाल्या. जांभळी नाक्यावरून मोरपंखी लोकर आली. ‘लोकर’ म्हणायचं, वेष्टनावर अॅक्रिलिकच लिहिलेलं होतं. ते एका अर्थी बरं, टोचत नाही आणि बादलीत धुता येतं. गळ्याला दोन सुलट दोन उलट, पाठ सरळ सुलट, पोटाला टाके कमी करत नेलेले. बटण नाही, चिकटपट्टी नाही, डोक्यातून घालायचा. आठ दिवसांत झाला. शेंग्या यावेळी गोठला नाही. एकदा अंग झाडलं, आणि दाराकडे चालू लागला.

आम्ही सकाळी सातला, फटफटल्यावरच निघतो. येऊरच्या बाजूला अंधारात कुत्रं फिरवताना थंडीपेक्षा बिबट्याची काळजी जास्त. गेटपाशी वॉचमनकाका शेकोटी करून बसले होते. गाव जुन्नरकडचं, खरी थंडी पाहिलेला माणूस. आता हे हसणार, असं वाटून मीच आधी म्हटलं, ‘आईची हौस हो काका.’

‘हौस कशाची ताई? आमच्याकडं करडांना पोत्याला भोकं पाडून घालत्यातच की. न्हाई तर गारठून मरत्यात.’ त्यांनी शेंग्याला जवळ घेतलं, पुढच्या पायाखाली बोट घातलं आणि स्वेटर थोडा ओढून पाहिला. ‘हितं घट्ट हाय. काखंत काचतंय बगा.’

खरंच काचत होतं. केस विरळ होऊन कातडी लालसर दिसत होती. छाती, पाठ, गळा सगळं मोजलं होतं, पायाचा घेर कुणी मोजलाच नव्हता.

आईने त्याच दुपारी चष्मा लावला आणि दोन्ही बाह्या उसवायला घेतल्या. शेंग्या गॅलरीत उन्हाच्या पट्ट्यात पोट वर करून पडला होता, आणि पट्टा सरकला की तोही डोळे न उघडता सरकत होता. काल दुपारी पारा एकतीसवर गेला, आज आईनेच पंखा लावलाय. डावी बाही अजून सुईवर आहे.