हनुवटीवरचे तीळतांदूळ

श्रावणात दाढी करायची नाही, ही आमच्या घरातली जुनी रीत. तिचे कारण आजोबांना विचारले तेव्हा त्यांनी ‘आपल्यात करत नाहीत’ एवढेच उत्तर दिले होते आणि मला ते पुरेसे वाटले होते, कारण रोज सकाळी गालांवरून पाते फिरवण्याचा कंटाळा धर्माच्या आधाराने महिनाभर टाळता येणे ही काही लहान सोय नव्हे. नोकरी लागल्यानंतरच्या पहिल्याच श्रावणात, दुसऱ्या सोमवारी सकाळी, नाशिकमधल्या भाड्याच्या खोलीत खिडकीच्या गजाला अडकवलेल्या आरशात मला हनुवटीच्या डाव्या अंगाला काहीतरी चमकताना दिसले. उशीतला कापूस चिकटला असेल असे समजून मी तो चिमटीत धरून ओढला, तर त्याच्याबरोबर हनुवटीची कातडीही पुढे आली. नीट पाहिले तेव्हा त्याच्या शेजारी आणखी दोन केस तसेच पांढरेशुभ्र उभे होते. माझे वय तेव्हा २३ वर्षांचे होते आणि डोक्यावरच्या केसांत औषधालाही पांढरा केस नव्हता.

आशियाई माणसाचे केस पंचविशीच्या आत पांढरे होऊ लागले तर त्वचारोगतज्ज्ञ त्याला अकाली म्हणतात. गोऱ्या युरोपीय वंशाच्या लोकांसाठी ही मर्यादा २० वर्षांची आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी ३० वर्षांची धरली जाते. ही मोजपट्टी मुळात डोक्यासाठीची आहे. मी ती स्वतःच्या जबाबदारीवर हनुवटीला लावून पाहिली आणि दोन वर्षे शिल्लक ठेवून उत्तीर्ण झालो.

मराठीने या बाबतीत मोठी रसिकता दाखवलेली आहे. आंबा पिकतो, पान पिकते, तसा आपल्याकडे केसही पिकतो. सुश्रुतसंहितेतही असेच क्रियापद आहे. राग, शोक आणि श्रम यांमुळे उत्पन्न झालेली शरीरातली उष्णता पित्तासह डोक्यात चढते आणि केसांना ‘पचवते’, म्हणजे शिजवून काढते, असे तिथे सांगितले आहे. परंतु पिकणे या शब्दात आतून तयार होणेही गृहीत धरलेले असते आणि तिथेच माझी अडचण होती. कार्बाइड लावून घाईने पिकवलेला आंबा वरून केशरी दिसतो आणि कापल्यावर आंबट लागतो. माझी अवस्था साधारण त्या आंब्यासारखी होती. ‘माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत’ हे वाक्य वडीलधाऱ्यांच्या तोंडी शोभते. मी ते उच्चारले असते, तर ‘मग कशाने झाले?’ असा सरळ प्रश्न समोरून आला असता.

तो प्रश्न तसाही आलाच. कार्यालयात ‘टेन्शन फार घेतोस का?’ असे विचारणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की त्या चौकशीचेच टेन्शन येऊ लागले. एका सहकाऱ्याने पांढरा केस उपटू नये, एक उपटला की दहा येतात, असा इशारा दिला, जो साफ चुकीचा आहे, कारण एका केसाच्या मुळाचा शेजारच्या मुळांशी असा काही व्यवहार नसतो. उपटलेल्या जागी पुन्हा तसाच पांढरा केस उगवतो, एवढेच. घराजवळच्या डॉक्टरांनी अधिक व्यवहारी मार्ग धरला आणि थायरॉइड व बी-१२ जीवनसत्त्व यांची तपासणी करायला सांगितली, कारण त्यांच्यातल्या बिघाडानेही केस लवकर पांढरे होऊ शकतात. थायरॉइड ठीक निघाले. बी-१२ कमी निघाले, जे शाकाहारी घरात नवलाचे नव्हते. मी तीन महिने गोळ्या घेतल्या, बी-१२ वाढले आणि दाढी आपल्या जागी आपल्या रंगात राहिली.

केसाच्या मुळाशी रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी असतात. केस वाढत असताना त्या त्याच्यात मेलॅनिन भरत जातात आणि त्या पेशींचा राखीव साठा संपला की पुढचा केस रंगाविना बाहेर पडतो. म्हणजे पांढरा हा कुठून येऊन केसाला लागलेला रंग नसतो. रंगाऱ्याने काम सोडल्यावर उघडी राहिलेली भिंत असते. हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली उंदरांवर प्रयोग करून दाखवले की तीव्र ताणाच्या काळात मज्जातंतूंमधून नॉरॲड्रिनॅलिन बाहेर पडते आणि त्यामुळे हा राखीव साठा भराभर खर्च होऊन जातो. सुश्रुताचा राग-शोक-श्रम असा वेगळ्या वाटेने परत आलेला पाहून मला कार्यालयातल्या चौकशीखोर मंडळींची थोडी माफी मागावीशी वाटली. थोडीच, कारण त्याआधी २०१६ साली लॅटिन अमेरिकेतल्या ६,००० हून अधिक लोकांच्या अभ्यासातून केस पांढरे होण्याशी आयआरएफ-४ नावाच्या जनुकाचा संबंध दाखवला गेला होता आणि जनुकाचा विषय निघाला की मला कार्यालय सोडून घराकडे पाहावे लागते.

आजी गेली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. क्रियाकर्माला धाकटे काका बसले होते, परंतु सुतकात दाढी घरातल्या कोणाचीच होत नव्हती. चौथ्या-पाचव्या दिवशी ओसरीवर सतरंजीवर बसलेल्या बाबांकडे मी पाहिले आणि मला ते कोणी परके गृहस्थ वाटले, कारण त्यांच्या गालांवर आणि हनुवटीवर नाचणीच्या शेतावर दव पडावे तसे पांढरे खुंट उगवले होते. मला वाटले की हे आजीच्या दुःखाने झाले आणि कित्येक वर्षे मी तेच समजत राहिलो. दहाव्याला नदीकाठी न्हाव्याने वस्तरा फिरवला आणि बाबा पुन्हा पहिल्यासारखे झाले. ते तेव्हा ३८ वर्षांचे होते. आज मी ३८ वर्षांचा आहे आणि त्या ओसरीवरच्या चेहऱ्याकडे रोज सकाळी पाहतो.

बाबांच्या पिढीतल्या किती जणांची दाढी अशी लवकर पिकली असेल याचा हिशोब लागणे शक्य नाही, कारण ती पिढी कार्यालयात जाण्यापूर्वी रोज न चुकता साबणाचा फेस करायची आणि त्या फेसात सगळेच पांढरे असायचे. रात्रीतून उगवलेला पुरावा सकाळी बेसिनमध्ये वाहून जाई. सुतक, श्रावण किंवा आठवडाभराचे आजारपण एवढ्याच फटींमधून तो कधी घरच्यांना दिसे. आमच्या पिढीने दाढी राखण्याची हौस अंगी बाणवली, गालावरची रेघ आखून घेण्यासाठी सलूनमध्ये पैसे मोजले आणि बापजाद्यांनी पात्याखाली गुपचूप ठेवलेली गोष्ट उघड्यावर मांडली. अकाली पांढरी होणारी दाढी हल्ली वाढली आहे असे लोक म्हणतात तेव्हा मला नेहमी वाटते की वाढलेली आहे ती मुळात दाढीच.

मी स्वतः मात्र या गुपिताचा एकदा फायदा घेतलेला आहे. लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा कांदेपोह्यांना जाण्यापूर्वी मावशीने ‘गाल कसा तुळतुळीत पाहिजे’ अशी सक्त ताकीद दिली होती आणि प्रत्येक भेटीच्या सकाळी मी ती पाळली. लग्न मे महिन्यात झाले. श्रावण आला, दोन आठवडे गेले आणि एका सकाळी चहाचा कप पुढे ठेवताना बायकोने माझ्याकडे बराच वेळ पाहून विचारले, ‘तुमच्या पत्रिकेतली जन्मतारीख नक्की खरी आहे ना?’

तिनेच पुढे रंगाचा विषय काढला. सलूनमधला मुलगा तर केव्हापासून टपूनच बसलेला होता. दाढीचा आकार करून झाला की तो तुरटी फिरवता फिरवता ‘साहेब, काळी करून टाकू का? दहा मिनिटांचं काम आहे’ असे विचारत असे. मी एकदा होकार दिला. रंगाच्या पाकिटावर ४८ तास आधी त्वचेवर थोडा लावून पाहा असे लिहिलेले असते, कारण बहुतेक काळ्या रंगांमध्ये पीपीडी नावाचे रसायन असते आणि काहींच्या त्वचेला ते मुळीच सोसत नाही. ही सूचना आम्ही दोघांनीही वाचली नाही. सुदैवाने माझी त्वचा सुजली नाही, नुसती काळी झाली. केसांपेक्षा कातडीने रंग अधिक आवडीने घेतला आणि दोन दिवस मी शाळेच्या स्नेहसंमेलनात कोळशाने दाढी काढलेल्या शिवकालीन मावळ्यासारखा वावरलो.

तिसऱ्या दिवशी कातडी उजळली आणि त्याच वेळी केसांच्या मुळाशी पांढरी रेघ दिसू लागली. दाढीचा केस दिवसाला अंदाजे ०.४ मिलिमीटर वाढतो. पाच मिलिमीटर राखलेली दाढी चार दिवसांत मुळाकडून जवळजवळ एक तृतीयांश पांढरी होते, म्हणजे वर काळे आणि खाली पांढरे असा उलटा कारभार दिसू लागतो आणि त्यापेक्षा मूळचा पांढरेपणा पुष्कळ सभ्य असतो. विराट कोहलीने मे २०२५ मध्ये कसोटी क्रिकेटमधून निवृत्ती घेतली. पुढे जुलैमध्ये लंडनमधल्या एका कार्यक्रमात त्याविषयी छेडले असता, दोनच दिवसांपूर्वी आपण दाढी रंगवली आहे आणि दर चार दिवसांनी ती रंगवावी लागू लागली की वेळ झाल्याचे कळतेच, अशा अर्थाचे काहीतरी तो हसत म्हणाला. त्याचे वय तेव्हा ३६ होते. त्याचे चार दिवस आणि माझ्या गणितातले चार दिवस तंतोतंत जुळलेले पाहून मला उगाचच त्याच्याशी नाते जुळल्यासारखे वाटले. कालिदासाच्या रघुवंशातही राजा दशरथाच्या कानाशी म्हातारपण पांढऱ्या केसाच्या वेषात येते आणि कैकेयीने ऐकू नये म्हणून की काय, राज्यलक्ष्मी रामाच्या स्वाधीन कर असे हळूच कुजबुजते. कानाशी म्हणजे आजच्या सलूनच्या भाषेत कल्ल्यावर. माझ्याकडे सोपवण्यासारखे राज्य नाही, क्रिकेट तर नाहीच, त्यामुळे माझा कल्ला कुजबुजला तरी त्याला ऐकवण्याजोगे काही सापडत नाही.

रंग सोडून दिला. संस्कृतात तिलतंडुलन्याय म्हणतात तसे माझ्या हनुवटीवर तीळ आणि तांदूळ एकत्र आहेत, पण एकमेकांत मिसळलेले नाहीत, आणि दर वर्षी तांदळाचे माप थोडे वाढते. त्याबरोबर माझ्या वाट्याला येणारी संबोधनेही पुढे सरकतात. ‘दादा’वरून ‘काका’पर्यंतचा जो प्रवास माणसाला पंधरा-वीस वर्षे पुरायला हवा, तो मी चारेक वर्षांत उरकला. भाजीवाल्या मावशी माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठ्या असाव्यात, पण त्याही मला ‘काका, मेथी घ्या’ म्हणतात. नवख्या रिक्षावाल्यांशी भाड्यावरून होणारी हुज्जत मात्र निम्म्याने कमी झाली आहे आणि सोसायटीच्या सभेत माझे म्हणणे आता पूर्ण ऐकून घेतले जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

गेल्या नोव्हेंबरात बाबांचा हयातीचा दाखला देण्यासाठी मी त्यांच्याबरोबर बँकेत गेलो. बाबांनी नेहमीप्रमाणे गुळगुळीत दाढी केली होती आणि निवृत्तीनंतर लागलेल्या सवयीने डोक्याला कलप लावला होता. आमचा क्रमांक आला तेव्हा खिडकीमागच्या तरुणाने कागदांवरून नजर क्षणभर वर उचलली, अंगठा टेकवण्याचे यंत्र माझ्यापुढे सरकवले आणि शेजारी उभ्या असलेल्या बाबांना सांगितले, ‘तुम्ही जरा मागे थांबा, आधी आजोबांचं होऊ दे.’ बाबांनी काही न बोलता हात पुढे करून यंत्रावर स्वतःचा अंगठा टेकवला. परतताना त्यांनी मला रिक्षाचे पैसे देऊ दिले नाहीत, कोपऱ्यावर थांबून दोन ग्लास उसाचा रस मागवला आणि रसवाल्याला, त्याने विचारलेले नसताना, हा माझा मुलगा म्हणून सांगितले.