फोटोतून चित्र : रंकाळ्याचा संध्यामठ, प्रयत्न तिसरा

महिनाभर एकाच फोटोवर बसलोय. कोल्हापूरच्या रंकाळा तलावातला दगडी संध्यामठ, पाणी चढलेलं, मावळतीचा उजेड, मोबाइलवर टिपलेला. आधीचे दोन प्रयत्न फिल्टरवर सोडले होते, हा बराचसा हाताने केलाय.

गिंप या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जी'मिक हा फिल्टरांचा जोडसंच टाकून कुवाहारा फिल्टर लावला. तो प्रत्येक पिक्सेलभोवतीच्या चौकोनाचे चार भाग करतो आणि ज्या भागात रंगांचा चढउतार सगळ्यांत कमी, त्याची सरासरी उचलतो. म्हणून सपाट जागा मऊ होतात, पण कडा शाबूत राहतात. आकाश झकास उतरलं. घोळ कडांचाच झाला. मठाचे खांब, काठावरची झुडपं, लांबच्या इमारती, सगळं सारखंच ठळक! नजर कुठे ठरेचना.

मग कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांची कोटितीर्थ, रंकाळा परिसरातली निसर्गचित्रं पुन्हा निवांत पाहिली. १९३१ साली गेलेला हा माणूस आजही शिकवतो. डोळे किलकिले करून बघा, अर्ध्या कडा विरघळून जातात.

म्हणून फिल्टरचा लेअर फक्त आकाशापुरता ठेवला आणि बाकीचं क्रिता या चित्रं रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगवलं. आधी जाडा ब्रश, दोनशे पिक्सेलचा, मग साठ, आणि वीसचा फक्त पुढच्या दोन खांबांना. इमारती स्मज ब्रशने आकाशात मिसळून टाकल्या. फोटोतल्या सावल्या मेल्यासारख्या काळ्या होत्या, तिथे निळसर जांभळा भरला. उजेडाच्या बाजूला थोडी गेरू छटा दिली आणि दगड एकदम जिवंत झाला. तो क्षण मला फार आवडला, रात्री पाऊण वाजता घरच्यांना उठवून दाखवावंसं वाटलं.

पाण्यातलं प्रतिबिंब अजून जमत नाही. मी वरचे खांब कॉपी करून उलटे ठेवले होते, ते काचेत पाहिल्यासारखे दिसतात. पाण्यात उजळ भाग जरा गडद होतो आणि गडद भाग जरा उजळ, हे पुसून पुन्हा करताना कळलं. आता उभे फटकारे मारून वर दोन-तीन आडव्या रेघा ओढल्यात. डाव्या खांबाला बरं साधलंय, उजवा अजून लाकडी वाटतो.

येत्या रविवारी वही-पेन्सिल घेऊन रंकाळा चौपाटीवर जाणार आहे, कॅमेरा घरी ठेवून. उजव्या खांबाखालच्या पाण्याचा रंग डोळ्यांनी बघून लिहून आणायचाय.