टाकी आणि पंपाच्या मध्ये एक कॉक

आमच्या टेम्पो ट्रॅव्हलरचं मोटरहोम करून घेतलं, तेव्हा पलंग, सिंक, फ्रिज सगळं झकास झालं. टाकी आणि पंपाच्या मध्ये कॉक बसवायचा मात्र राहिला. कळलं ते भंडारदऱ्याला. नळाला धार येईना म्हणून पंपाआधीची जाळी साफ करायला तिची वाटी फिरवली, तर शंभर लिटरच्या टाकीतलं पाणी थेट माझ्या बाहीत! पंप टाकीच्या खालच्या अंगाला, पाणी थांबणार कसं? मी पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून बसलो आणि बायको बादली, पातेलं, शेवटी कुकर पुढे करत म्हणाली, "अहो, घरी नळ दुरुस्त करताना आधी मेन कॉक बंद करता ना?"

नाशिकला आल्यावर आधी घरच्यासारखंच केलं. सीपीव्हीसीचा, म्हणजे घरच्या नळाच्या कडक प्लॅस्टिक पाइपाचा तुकडा, प्लॅस्टिकचा कॉक, सोल्युशन लावून चिकटवला. कसारा घाट एकदा उतरून-चढून आलो आणि जोडाला केसाएवढी चीर. भिंतीतला पाइप हलत नाही, गाडीतला दिवसभर थरथरतो, हे आधी सुचायला हवं होतं.

मग रविवार कारंज्यावरून अर्धा इंची पितळी बॉल व्हॉल्व्ह (दांडीचा कॉक) आणला, पूर्ण भोकाचा, म्हणजे पंपाची ओढ अडत नाही. दोन्ही बाजूंना नळीचे निपल आणि आत दोऱ्याची वीण असलेली नळी. साधी मऊ नळी ओढीने चपटी होते. निपलवर नळी चढेना, तेव्हा टोक गरम पाण्यात मिनिटभर बुडवलं. टेफ्लॉनची पातळ पट्टी आट्यांच्या दिशेने गुंडाळली, क्लिपा आवळल्या.

पंप चालू केला तर नुसता खर्र खर्र. पाणी नाही, आणि गळतही कुठे नाही! अर्धा दिवस मी पंपालाच शिव्या देत होतो. शेजारचा गॅरेजवाला आला, जाळीच्या पारदर्शक वाटीकडे बघून म्हणाला, "साहेब, बुडबुडे बघा की. हवा ओढतोय." पंपाच्या आधीचा जोड सैल असला की पाणी बाहेर येण्याआधी हवा आत जाते. साबणाचा फेस एकेका जोडाला लावत गेलो. दुसऱ्या निपलवरचा फेस डोळ्यांदेखत आत शोषला गेला. क्लिप तिरकी बसली होती, बाकी काही नाही.

कॉकची दांडी पाइपाला आडवी केली की बंद. तशी फिरवायला जागा राहावी म्हणून ड्रॉवरची मागची फळी दोन इंच कापावी लागली, त्यावरून घरात अजून ऐकून घेतोय. कॉक बंद करण्याआधी पंपाचं बटण बंद करायचं, नाहीतर तो कोरडाच चालत राहतो.

परवा गंगापूर धरणाकडे गेलो तेव्हा पुन्हा वाटी उघडली. कपभर पाणी सांडलं. जाळीत टाकीला भोक पाडतानाचा निळा प्लॅस्टिकचा कीस होता. तो अजून संपलेला नाही.