काळी माती नाही हो मामा, वाळूचं बघा

हिंगोली-वसमतकडं जमीन जरा हलली की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेले व्हिडिओ येतात, रस्ता फाटलाय, खालून चिखल बुडबुडत वर यायलाय, गाडी अर्धी आत. जुलै 2024 मधे 4.5 चा भूकंप झाला तेव्हा शेजारच्या मामांनी विचारलंच, "काय रे इंजिनियर, आपली काळी बी अशीच पातळ होती का?"

नाही होत मामा. पातळ होते ती पाण्यानं भरलेली, नीट न दबलेली वाळू. वाळूचे कण एकमेकांना टेकून वरचं वजन पेलतात, हादरे बसले की ते अजून घट्ट बसायला बघतात पण मधल्या फटीत पाणी असतं आणि त्याला तेवढ्या वेळात निघायला वाट नसते, मग सगळं वजन पाण्यावर येतं, दाब वाढत जातो, कण सुटे होतात आणि खेळ खलास. जपानमधल्या निइगाताला 1964 च्या भूकंपात चार मजली बिल्डिंगा अशाच कलंडल्या, भिंती जवळपास धड. आपली काळी चिकट, तिचे कण असे सुटत नाहीत. (मऊ ओली चिकणमाती हादऱ्यानं ढिली पडते, पण ते प्रकरण वेगळं.)

किल्लारीचा 1993 चा 6.2, न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चचा फेब्रुवारी 2011 चा साधारण तेवढाच. तिथं वस्त्याच्या वस्त्या वाळू-गाळानं भरल्या. आपल्याकडं जवळपास 10 हजार माणसं गेली ती जमीन वितळून नाही, दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपेत अंगावर आली म्हणून.

पण नुसती वाळू म्हणून भागत नाही, तिच्या वर काय बसलंय ते बघावं लागतं, आणि हे लोक विसरतात. पाण्याचा कॅन कापून त्यात गोदावरीची वाळू (बांधकामातली उरलेली, आता ती पण सोन्याच्या भावात) पाण्यात सैल सोडली, वरून बोटभर गाळाचा थर दिला आणि बाजूनं हातोडीच्या दांड्यानं ठोकत बसलो. वाळू खाली बसली, पाणी वर निघालं आणि गाळाखाली अडकलं, वाळू आणि गाळाच्या मधे स्वच्छ पाण्याची पट्टी डोळ्यानं दिसते. ठोकणं थांबवलं तरी ती तिथंच. मग एका कोपऱ्यात गाळ फुटला आणि वाळूची बारीक पिचकारी वर आली.

सपाट जमिनीत ठीक, फुटून मोकळं होतं. उतार असला तर वरचा थर त्या पाण्यावरून घसरतो, तेही हादरे थांबल्यावर सुद्धा! कॅलिफोर्नियात 1971 च्या सॅन फर्नांडो भूकंपात लोअर सॅन फर्नांडो धरणाचा पाण्याकडचा उतार तसाच हादरे संपल्यावर गेला, भिंत पाण्याच्या वर पाचेक फूट उरली, खालच्या 80 हजार लोकांना हलवलं. ते धरण माती पाण्यासोबत वाहून आणून भरलेलं होतं, म्हणजे जाड-बारीक थर आपोआप पडलेले. आपल्याकडं माती थराथरानं रोलर मारून दाबतात, तेव्हा लगेच जायकवाडीचं नाव घेऊन मेसेज फिरवू नका.

थर कधी वाचवतात पण. खोलवरचा थर आधी पातळ झाला की वरपर्यंत हादरे कमी पोचतात. मात्र त्याच खालच्या थराचं पाणी नंतर वर चढून वरच्या वाळूला पातळ करू शकतं, म्हणून एकेक थर सुटा तपासून उत्तर निघत नाही.

नदीकाठी भराव टाकून प्लॉट पाडायलेत ना, तिथं बोअर घेताना सहसा दर दीड मीटरला नळी ठोकून ती किती ठोक्यात आत जाते ते मोजतात आणि नमुना काढतात. मधली चार बोटांची गाळाची पट्टी त्यात सुटून जाते, रिपोर्टवर सरसकट "बारीक वाळू" लिहून मोकळे. बोअरवाल्याला सांगा थर बदलला की थांब, नमुना पिशवीत भर, पाणी कितीवर लागलं ते लिही. जास्तीचे पैसे मागेल, द्या. आणि मामा, तुमच्या शेतात चार हातावर मुरूम लागतो, तुम्ही आधी माळवदावरची माती कमी करा.